तणनाशकाच्या पंपांत काय घालावें?

जत तालुक्यांत तणनाशकाचा पंप आतां वाडीवस्तीपर्यंत पोंचला आहे, ही गोष्ट कोणासही नाकारतां यावयाची नाहीं. भांगलणीस माणूस मिळत नाहीं, मिळालें तर वेळेवर मिळत नाहीं, आणि बांधावरची हरळी कुदळीनें खणून काढण्याचा उत्साह नव्या पिढींत उरलेला नाहीं. तेव्हां औषधाचा आश्रय घेतला जातो, याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं. आमचें म्हणणें निराळें आहे. औषधाच्या डब्याबरोबर दुकानदार एक लहान बाटली हातांत ठेवतो. तिला कोणी 'स्टिकर' म्हणतो, कोणी 'स्प्रेडर' म्हणतो. घरीं आल्यावर त्यांत कोणी मूठभर मीठ टाकतो, कोणी युरिया, कोणी गूळ, कोणी धुण्याची पावडर. एका गृहस्थांनीं तर रॉकेलही ओतल्याचें आम्हांस ठाऊक आहे. इतकें सर्व करून पंप पाठीवर चढतो, आणि महिन्याभरानें त्याच बांधावर तीच हरळी पुन्हां हिरवीगार उभी राहते. मग दोष औषधाला दिला जातो. आमच्या मतें पुष्कळ ठिकाणीं दोष औषधाचा नसून तें ज्या पाण्यांत कालवलें त्या पाण्याचा व त्यांत जें जें टाकलें त्याचा असतो. पंपांत काय घालावें याचा विचार शेतकऱ्यानें स्वतः केला पाहिजे. तो दुकानाच्या फळीवर सोडून देणें परवडणारें नाहीं.

प्रथम पानाचा विचार करूं. अळवावरचें पाणी ही म्हण आपण रोज वापरतों, पण तिच्यांत केवढें शास्त्र आहे याकडे लक्ष देत नाहीं. वनस्पतीच्या प्रत्येक पानावर मेणासारख्या पदार्थाचें एक पातळ आवरण असतें. झाडाच्या आंतलें पाणी उडून जाऊं नये म्हणून निसर्गानें केलेली ती तजवीज आहे. पण तीच तजवीज बाहेरचें पाणी आंत येऊं देत नाहीं. साधें पाणी आपल्याच पृष्ठताणानें गोळा होऊन राहतें. हा ताण मोजण्याचें एक माप आहे. त्या मापानें शुद्ध पाण्याचा ताण सुमारें ७२ भरतो. साधारण प्रतीचीं प्रसरण-द्रव्यें तो ३० च्या आसपास आणतात, आणि सिलिकॉनयुक्त नवीं द्रव्यें २० ते २२ पर्यंत खालीं नेतात. ताण उतरला कीं थेंब पसरतो, त्याचा पानाशीं अधिक जागेवर संबंध येतो, आणि आंत शिरण्यास मार्ग मिळतो. कोवळ्या जोंधळ्याच्या पानावरून थेंब घरंगळतो, तसाच तो लव्हाळ्याच्या गुळगुळीत पानावरून व रुईच्या पांढुरक्या पानावरूनही घरंगळतो. गाजर गवताचें पान लवदार. तेथें थेंब लवेवर अधांतरीं बसतो व पानाच्या पृष्ठभागास टेकतच नाहीं. म्हणजे तण तितकीं पानें, आणि पानें तितके स्वभाव.

या स्वभावभेदाचा उपयोग मनुष्यानें फार पूर्वीं ओळखला. १८९६ च्या सुमारास फ्रान्समध्यें बोने नांवाच्या एका द्राक्षबागाईतदारास असें आढळलें कीं, द्राक्षांवरील बोर्डो मिश्रण शेजारच्या रानमोहरीवर पडलें म्हणजे तिचीं पानें काळीं पडतात. पुढें हीं ताम्रयुक्त औषधें धान्याच्या पिकांत फवारून पाहिलीं, तेव्हां मोहरी मरे आणि धान्य तगून राही. कारण एवढेंच कीं, धान्याचें पान अरुंद, उभें व मेणचट असल्यामुळें थेंब त्यावरून निसटे, आणि मोहरीच्या रुंद, आडव्या पानावर तो बसून राही. तासगांवच्या द्राक्षवाल्यांस मोरचूद व चुना यांचें हें मिश्रण नवें नाहीं. त्याच मिश्रणापासून तणनाशकाच्या विद्येचा आरंभ झाला, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असेल. यांतून आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते. जें द्रव्य तणाच्या पानांत औषध घुसवितें, तेंच पिकाच्या पानांतही घुसवितें. जोंधळ्याच्या पानावरचें मेण हें जोंधळ्याचें चिलखत आहे. उभ्या पिकांत फवारतांना जास्त तीव्र प्रसरण-द्रव्य घालणें म्हणजे तें चिलखत आपल्याच हातानें उतरविणें होय.

आतां पाण्याकडे वळूं, कारण आमच्या तालुक्यापुरता खरा प्रश्न येथेंच आहे. जतचा पाऊस म्हणजे वर्षाला वीस इंचांच्या आसपास, तोही लहरी. पूर्व भागांत उमदी, संख, माडग्याळ या बाजूस बहुतेक भिस्त बोअरवर. बोअर जितका खोल जातो तितकें पाणी खडकांत अधिक काळ मुरलेलें असतें, आणि त्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार उतरलेले असतात. हें जड पाणी ओळखावयास प्रयोगशाळा लागत नाहीं. चुलीवरच्या भांड्याच्या बुडाशीं जो पांढरा थर धरतो तो पाहावा, किंवा अंगाला साबण लावून पाहावा. फेस येत नाहीं व चिकट साका तेवढा राहतो. ग्लायफोसेट या औषधाचा स्वभाव असा कीं, चुना, मॅग्नेशियम, लोह अशा द्रव्यांशीं तें पाण्यांतच बांधलें जातें. बांधलेलें औषध पानाच्या आवरणांतून सहज जात नाहीं. म्हणजे डब्यांत औषध पुरेसें होतें, पंपांतही होतें. पानांत मात्र त्याचा कांहीं भागच पोंचला. २,४-डी या औषधाचीही तीच कथा. त्याचा सोडियम क्षार जड पाण्यांत घातला तर पांढरा गाळ बसतो आणि पंपाचें तोंड बुजतें, आणि पंपवाला तें तोंड दातानें फुंकून मोकळें करतो! हा प्रकार कोणीही करूं नये.

ज्यांस म्हैसाळ योजनेचें पाणी तलावांतून किंवा शेततळ्यांतून मिळतें, त्यांना वाटेल कीं आपण या त्रासांतून सुटलों. तसें नाहीं. गढूळ पाण्यांतील मातीचे बारीक कण ग्लायफोसेटास व पॅराक्वाटास घट्ट धरून ठेवतात. फडक्यानें गाळून हे कण निघत नाहींत. पाणी निवळावें म्हणून कोणी तुरटी फिरवितात; परंतु तुरटींत ॲल्युमिनियम असतें आणि तें तर चुन्यापेक्षांही अधिक जोरानें ग्लायफोसेटास धरतें. पिंपांत पाणी रात्रभर स्थिर ठेवून वरचें निवळ तेवढें घ्यावें, हाच सरळ उपाय. रस्त्याकडेच्या बांधावर पानांवर धुळीचा थर असतो, त्याचाही परिणाम असाच होतो. एका पावसानें पानें धुऊन निघाल्यावर फवारलें तर औषध फुकट जात नाहीं. सर्वांत उत्तम पाणी म्हणजे पावसाचें. पत्र्याच्या पन्हाळीखालीं एक पिंप ठेवणें इतकें का जड आहे?

जड पाण्यावर इलाज आहे आणि तो स्वस्त आहे. तो म्हणजे अमोनियम सल्फेट, आपलें जुनें ओळखीचें खत. अमेरिकेंतील नॉर्थ डाकोटाच्या कृषि विद्यापीठांत नालेवाया या शास्त्रज्ञांनीं पाण्यांतील निरनिराळ्या क्षारांच्या मानानें या खताचें प्रमाण किती ठेवावें याचा हिशेबच बांधून दिला. त्याची क्रिया अशी आहे. थेंब पानावर वाळूं लागला कीं त्यांतील चुना सल्फेटाशीं जुळून बाजूस होतो, आणि ग्लायफोसेट अमोनियमाबरोबर राहतें; त्या रूपांत तें पानांत लवकर शिरतें. प्रमाण साधारणपणें पाण्याच्या शेंकडा एक ते दोन, म्हणजे १५ लिटरांच्या पंपास दीडशे ते तीनशे ग्रॅम. पण क्रम महत्त्वाचा. आधीं पाण्यांत खत पूर्ण विरघळवून, फडक्यानें गाळून घ्यावें, मग औषध, प्रसरण-द्रव्य घालावयाचेंच असेल तर तें सर्वांत शेवटीं. औषध आधीं जड पाण्यांत ओतून मागाहून खत टाकलें तर चुन्याचें काम आधींच झालेलें असतें. हें मिश्रण धातूस गंज आणतें, म्हणून काम संपतांच पंप दोनदां धुवावा. आणि हा इलाज बांधासाठीं, पडीक तुकड्यासाठीं आहे. उभ्या पिकांत लेबलावर तसें लिहिलें नसेल तर तो करूं नये, पानें करपण्याचें भय असतें.

आतां घरगुती मसाल्याकडे. युरियानें पानाचें आवरण थोडें सैल होतें, हें खरें. पण त्यांत सल्फेट नाहीं, सबब जड पाण्याचा दोष तो काढूं शकत नाहीं. गुळानें थेंब चिकटतो म्हणतात, तर चिकटणें निराळें आणि आंत शिरणें निराळें. साबण जड पाण्यांतील चुन्याशीं जुळून त्याचा साकाच होतो, आणि धुण्याच्या पावडरींतील सोड्यानें पाणी अधिक अल्कधर्मी होऊन काम बिघडण्याचाच संभव असतो. झिंक सल्फेटासारखीं सूक्ष्म खतें एकाच पंपांत टाकून 'एका फेरींत दोन कामें' करणारे शेतकरी आहेत. झिंक ग्लायफोसेटास बांधून टाकतें, तेव्हां दोन्हीं कामें अर्धवट होतात.

मिठाबद्दल मात्र थोडें सविस्तर लिहिणें भाग आहे, कारण ही चाल सर्वांत अधिक पसरली आहे व सर्वांत अधिक फसवी आहे. मीठ घातलेल्या फवाऱ्यानें हरळीचें पान दोन दिवसांत करपतें. शेतकरी बांधावर उभा राहून समाधान पावतो. पण ग्लायफोसेट हें पान जाळण्याचें औषध नव्हे. पानानें तयार केलेल्या साखरेबरोबर तें खालीं मुळ्यांत, गड्ड्यांत, जमिनीखालच्या कांड्यांत उतरावयाचें असतें, आणि त्याला कांहीं दिवस लागतात. तोंवर पान जिवंत व हिरवें राहिलें पाहिजे. पान घाईनें जाळलें तर औषध वरच्यावर अडकतें आणि खालची कांडी सुरक्षित राहते. रॉकेलाचेंही तसेंच, आणि ग्लायफोसेटांत पॅराक्वाट मिसळण्याचेंही तसेंच. शिवाय मीठ जमिनींत राहतें. जतच्या ज्या रानांत आधींच मचूळ पाणी देऊन माती चोपण होत चालली आहे, तेथें हातानें मीठ फेकणाऱ्यास काय म्हणावें? सातबाऱ्यावर पोटखराब्याला रकाना आहे. तो आणखी भरण्याची हौस कोणास नसावी.

दुकानांतील बाटलीबद्दल आमचें मत सरसकट विरुद्ध नाहीं. योग्य जागीं तिचा उपयोग होतो, विशेषतः लवदार व मेणचट पानांवर. पण ती सरसकट घेण्यासही आमचा विरोध आहे. ग्लायफोसेटाच्या ४१ टक्के द्रावणांत प्रसरण-द्रव्य कारखान्यांतच घातलेलें असतें. त्यावर आणखी एक बाटली ओतल्यानें दुप्पट गुण येत नाहीं. थेंब इतका पातळ पसरतो कीं पानावरून ओघळून जमिनीवर पडतो, किंवा क्षणांत वाळतो. सिलिकॉनयुक्त द्रव्यानें औषध पानाच्या श्वासरंध्रांतूनही शिरूं शकतें व त्यामुळें पावसाचें भय कमी होतें, पण कांहीं गवतांवर त्याचाच उलट परिणाम झाल्याचेंही प्रयोगांत दिसलें आहे. आणि ॲट्राझिनसारखें औषध जोंधळा किंवा मका उगवण्यापूर्वीं जमिनीवर फवारावयाचें असतें, तेथें तर पानच नसतें! तरी त्याच्याबरोबर स्टिकरची बाटली खपते. एका दुकानांत आम्हीं समक्ष विचारलें कीं, पान नसतां हें चिकटावयाचें कशाला? उत्तर मिळालें, 'सगळे नेतात.' महसूल खात्यांत आमचें आयुष्य गेलें. 'सगळे करतात' हें उत्तर तेथेंही पुष्कळ ऐकलें, पण पावतीवर तें कारण म्हणून लिहिलेलें कधीं पाहिलें नाहीं.

वेळ हीही एक जोड-द्रव्यच समजावी, आणि ती फुकट मिळते. थेंब ओला असेपर्यंत औषध आंत जातें. वाळलें कीं वाट बहुतेक बंद होते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारीं बारा वाजतां जतच्या वाऱ्यावर थेंब पडतां पडतां वाळतो, मग त्यांत काहीं का मिसळलेलें असेना. पाण्याच्या ताणानें सुकलेल्या तणाचें मेणावरण जाड होतें आणि आंतला रसप्रवाह मंदावतो; अशा हरळीवर फवारा म्हणजे दगडावर पाणी. परतीच्या पावसानंतर हरळी नवीं पानें काढते व साखर खालीं साठवूं लागते, तो काळ उत्तम. सकाळीं दंव उडाल्यावर, वारा पडलेला असतांना, पुढचे सहा तास पावसाचा रंग नाहीं असें पाहून फवारावें. ग्लायफोसेटास पाणीही बेताचें घ्यावें. पाणी जितकें जास्त, तितका चुनाही जास्त आणि औषध तितकेंच. शाळूच्या शेतांत मात्र आम्ही अजूनही कोळप्याचेच पक्षपाती आहों. कोळप्यानें तण जातें, भेगा बुजतात आणि ओल टिकते. ही तिन्ही कामें एका बाटलींत अजून कोणी भरलेलीं नाहींत.

येथवर पैशाचा व कामाचा विचार झाला. परंतु याला आणखी एक बाजू आहे. २,४-डी चा फवारा वाऱ्यानें द्राक्षांवर गेला तर वेलीचीं पानें पंख्यासारखीं आखडतात. द्राक्ष या औषधाला अतिशय नाजूक. डाळिंबही रुंद पानाचेंच झाड. बांधाच्या तंट्यांचे अर्ज आम्हीं आयुष्यभर पाहिले. त्यांत आतां फवाऱ्याच्या तंट्यांची भर पडूं लागली आहे, आणि हा तंटा बांधाच्या तंट्यापेक्षां वाईट, कारण मोजणीनें तो सुटत नाहीं. दुसरें, जें द्रव्य पानाचें कातडें ओलांडावयास मदत करतें, तें माणसाच्या कातड्यापाशींच थांबेल असें समजण्यास कांहीं आधार नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कीटकनाशकांच्या फवाऱ्याची बाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यु पावले. तीं औषधें तणांचीं नव्हतीं, परंतु पाठीवरचा पंप, गळकी तोटी आणि उघडें अंग हीं तींच होतीं. पॅराक्वाट पोटांत गेल्यास त्यावर उतारा नाहीं. ग्लायफोसेटांत घातल्या जाणाऱ्या चरबीजन्य अमाइनाच्या एका प्रसरण-द्रव्यास युरोपीय संघानें २०१६ सालीं बंदी केली. म्हणजे तेथें औषधापेक्षां त्याच्या जोडीदारावर आधीं हात पडला. आणि आपल्याकडे स्थिति काय? तणनाशकास १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालीं नोंदणी लागते, डब्यावर घटक, प्रमाण व विषाचा रंगीत चौकोन छापावा लागतो. जोडीच्या बाटलीस ती नोंदणी लागत नाहीं. तिच्यांत काय आहे हें घेणाऱ्यास कळत नाहीं व अनेकदां विकणाऱ्यासही कळत नाहीं. हा अन्याय दूर व्हावा, जोड-द्रव्यांवरही घटक छापणें सक्तीचें व्हावें, अशी मागणी शेतकऱ्यांच्या संस्थांनीं केली पाहिजे असें आमचें स्पष्ट मत आहे.

कायद्याचा विषय निघाला म्हणून सांगतों. ग्लायफोसेटाची परवानगी मुळांत चहाचे मळे व बिनपिकाची जमीन एवढ्यापुरतीच. आणि ऑक्टोबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक फवारणीवाल्यांपुरता मर्यादित करण्याचें ठरविलें. फवारण्यापूर्वीं या बाबतींत तालुका कृषि कार्यालयांत चौकशी करून घ्यावी. डाळिंबाच्या बागेंत ओळीओळींतून तें सर्रास मारणें हें लेबलाबाहेरचें आहे, आणि मुळाशीं फुटलेल्या हिरव्या फुटव्यावर तें पडलें तर झाड तें आंत घेतें, हें बागवाल्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आपल्या संघाकडे आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली, संघाच्या गुदामांत खताबरोबर पाण्याचा जडपणा मोजण्याची एक साधी पेटी ठेवावी. ती महाग नसते व वर्षानुवर्षें चालते. सभासदानें बाटलींत पाणी आणावें, आंकडा लिहून घ्यावा. दर लिटरास साडेतीनशे मिलिग्रॅमच्या पुढें जडपणा असेल तर अमोनियम सल्फेटाशिवाय ग्लायफोसेट फवारूं नये. दुसरी, या परतीच्या पावसानंतर इच्छुक सभासदांनीं एकाच बांधावर दहा-दहा पावलांचे चार तुकडे खुंट्या मारून पाडावेत. पहिल्यावर बोअरच्या पाण्यांत नुसतें औषध, दुसऱ्यावर तेंच पाणी व अमोनियम सल्फेट, तिसऱ्यावर पावसाचें पाणी व औषध, चौथ्यावर बोअरचें पाणी, औषध व दुकानाची बाटली. औषधाचें प्रमाण चारी ठिकाणीं सारखेंच, लेबलाप्रमाणें. सातव्या दिवशीं पाहून हुरळूं नये. पंधराव्या व तिसाव्या दिवशीं पाहावें, आणि साठाव्या दिवशीं कुदळीनें वीतभर खणून कांडी पांढरी टणक आहे कीं कुजून तपकिरी झाली आहे तें बघावें. चारी तुकड्यांचा निकाल, पाण्याचा जडपणा व फवारल्याची वेळ पोस्टकार्डावर लिहून संघाकडे पाठवावी. तण हरळी होतें कीं लव्हाळा कीं कुंदा, आणि पाणी विहिरीचें कीं बोअरचें, हेंही लिहावें. त्यावांचून एकाचा निकाल दुसऱ्याच्या उपयोगी पडणार नाहीं.